कोळसा उगाळावा तितका

भाच्याचं पहिलं चित्रप्रदर्शन, तेही काळा घोडा भागात. न जाऊन सांगता कुणाला! डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करून आम्ही उभयता पोचलो. प्रसंग मोठा म्हणून मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. चूक तिथंच झाली.

या भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो घोडा १९६५ सालीच स्वारासकट राणीच्या बागेत गेला. पुढे २०१७ साली नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. त्यामुळे अमुक एक वस्तू चित्रात दिसलीच पाहिजे, असा हट्ट निदान इथं तरी धरू नये, हे मला कळायला हवं होतं. आत नऊ चित्रं होती, एकेक माझ्याहून उंच आणि काळंभोर. काळ्यावर काही काढलेलं असावं म्हणून मी जवळ गेलो, तर आत आणखी काळं. खाली पट्टीवर नाव: ‘अनाम ४’. शेजारी ‘अनाम ५’. बारशाला आत्याच आली नसावी.

इतर रसिक चित्रापुढे उभे राहत, मान कलती करत, हनुवटीवर हात ठेवत आणि दोन पावलं मागं सरकत. मीही तसंच केलं. मागं सरकताना मात्र आधी जमीन चाचपली. कारण २०१८ साली पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात एक गृहस्थ चित्रकलेपायी खरोखरच खड्ड्यात पडले होते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरनं जमिनीत आठेक फूट खोल खड्डा करून आतून असा काळा रंगवला होता, की वरून नुसतं काळं वर्तुळ वाटावं. गृहस्थ बरे झाले म्हणे. पण कलेत खोली असते, हे त्यांच्याइतकं कुणाला पटलं असेल?

खरी धास्ती पुढेच होती. भाचा येऊन ‘मामा, कसं वाटलं?’ विचारणार! त्यासाठी आदल्या रात्री मी अभ्यास केला होता. मालेविच नावाच्या रशियन चित्रकारानं १९१५ साली पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात एक काळा चौकोन टांगला. कुठं, तर खोलीच्या कोपऱ्यात उंचावर, म्हणजे रशियन घरात देवाची तसबीर असते त्या जागी. पुढे शंभर वर्षांनी मॉस्कोतल्या तज्ज्ञांनी त्याचा एक्स-रे काढला, तर त्या काळ्याखाली आणखी दोन रंगीत चित्रं निघाली. वर पांढऱ्या काठावर पेन्सिलीनं खरडलेले काही शब्दही सापडले. काळ्या चित्रांवरच्या एका जुन्या फ्रेंच विनोदाकडे त्यांचा रोख आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज. म्हणजे हसू दाबून उभा राहिलेला मी काही पहिलाच नव्हतो.

भाचा आला. मी घसा खाकरून म्हणालो, ‘या काळ्याच्या खाली काय दडलंय रे?’

‘कागद, मामा.’

अभ्यास संपला. मग आमच्या सौभाग्यवतींनी तोंड उघडलं आणि मी डोळे मिटले. ‘का रे, हे पुसून नाही का जात?’

पोराचा चेहरा असा उजळला, की त्या दालनात तेवढीच एक उजळ वस्तू. म्हणाला, ‘मामी, तेच तर!’ मग अर्धा तास तो तिच्याशीच बोलत होता. कोळशाला चिकटपणा नसतो, तो कागदाच्या खरखरीत नुसता बसून राहतो. म्हणून एक थर तळव्यानं चोळायचा, फवारा मारून पक्का करायचा, वाळला की वर दुसरा. शेवटच्या थरावर फवारा नाही. मारला तर मखमल जाते. मामीनं तव्याच्या बुडाचा काळा आणि समईच्या काजळीचा काळा यांतला फरक सांगितला. तो त्यानं खिशातल्या वहीत टिपून घेतला.

हे ऐकायला मी आणखी जवळ सरकलो. शेवटच्या थरावर फवारा नसतो याचा पुरावा ‘अनाम ७’नं माझ्या उजव्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत दिला. चित्राला काय झालं, ते मी वळून पाहिलं नाही. हात पाठीमागं बांधून थेट दाराशी गेलो.

तिथं अभिप्रायाची वही होती. ‘अंतर्मुख करणारा अनुभव’, ‘अस्तित्वाचा तळ’ वगैरे लिहून झालं होतं. डाव्या हातानं मी ‘फार छान’ एवढंच लिहू शकलो. माझ्या हातातून पेन घेऊन तिनं त्याखाली लिहिलं: ‘हात स्वच्छ धुऊन जेवत जा. मामी.’