झोपा रे सगळे!

कोथरूडच्या टू-बीएचकेत राहून रात्रभर खाणकाम करणारी एक जमात गेल्या काही वर्षांत उदयाला आली आहे. वय सोळा ते बावीस. कानांवर घमेल्याएवढे हेडफोन, त्यांत तावातावाने चाललेलं रॅप आणि समोर माइनक्राफ्ट हा खेळ. मार्क बरे पडले तर त्यांना नावाने हाक मारतात, एरवी 'आमचे चिरंजीव'.

चिरंजीव आळशी आहेत, हा त्यांच्या वडिलांचा आरोप मला मान्य नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सांगितली की त्यांचे पाय दुखतात, हे खरं. पण तेच चिरंजीव तिकडे पहाटेपर्यंत गहू पेरतात, गाईंना खायला घालतात, मेंढ्यांची लोकर कातरतात आणि हिऱ्यांसाठी पार तळापर्यंत बोगदे मारतात. घरच्या कपाटात त्यांना स्वतःचा मोजा सापडत नाही. तिथे मात्र प्रत्येक पेटीवर पाटी: कोळसा, लोखंड, लाकूड, किरकोळ. ती 'किरकोळ'ची पेटी पाहून आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. दिवाळीत सोसायटीतल्या पोरांनी किल्ल्याची माती कालवायला बोलावलं, तर 'हात खराब होतात' म्हणून हे गेले नाहीत. त्याच आठवड्यात यांनी पडद्यावर शनिवारवाडा बांधला, दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांसकट.

हा खेळ काढणारी स्वीडनची मोजांग कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१४ साली अडीचशे कोटी डॉलरना घेतली, हे कळल्यापासून वडील जरा दबून असतात. "खड्डे खणण्याचे एवढे पैसे?" असं मात्र अजून पुटपुटतात.

खेळाला स्वतःचं संगीतही आहे. सी४१८ या नावाने काम करणाऱ्या जर्मन संगीतकाराचं, संथ, बरंचसं पियानोवरचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२५ साली ते जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतलं. चिरंजीवांनी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. खणताना त्यांना रॅपर एमसी स्टॅन लागतो. "आपल्या ताडीवाला रोडचा आहे, बाबा," हे सांगताना 'आपल्या'वर जोर असतो. ताडीवाला रोडला ते कधी गेलेले नाहीत. 'स्ट्रगल' हा शब्द सारखा तोंडात. रात्री दहाला गच्चीला कुलूप लावणारे सेक्रेटरी सोडले तर त्यांच्या वाटेला आजवर कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

वडिलांनी एकदा हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होतं?" तेव्हा चिरंजीवांनी हिप हॉपचं कूळ आणि मूळ सांगितलं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, एका इमारतीचा हॉल. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून भावंडांनी तिकीट लावून पार्टी ठेवली. गाण्यातला नाचायला बरा तेवढाच तुकडा हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटूनपालटून वाजवत लांबवायचा. "म्हणजे दुसऱ्याच्याच गाण्यावर?" वडील म्हणाले. आईने मात्र नेमकं तेवढंच उचललं: "बघ, बहिणीसाठी केलं त्याने! तू हिला साधं क्लासला सोडत नाहीस."

हल्ली चिरंजीव स्वतःही रॅप करतात. आवाज घुमू नये म्हणून आईच्या कपाटात, पैठणीला पाठ लावून, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालतं. परवा ऐन रंगात आले असताना कुकरची शिट्टी झाली. वडिलांना वाटलं, आता आदळआपट होणार. पण चिरंजीवांनी ती शिट्टी ठेवली, कापली आणि दर चौथ्या ठोक्यावर बसवली. आजवरच्या त्यांच्या कामात मला आवडलेली जागा म्हणाल तर ही.

त्यांच्या खेळातला दिवस वीस मिनिटांचा. अंधार पडला की राक्षस निघतात, आणि एकत्र खेळणारे सगळे अंथरुणात शिरले तरच रात्र झटकन सरते. त्यामुळे रात्री दोन वाजता घरात आरोळी घुमते, "झोपा रे सगळे! एक जण जरी जागा राहिला तरी सकाळ होणार नाही!" आजीला यातलं काही ठाऊक नाही. "मित्रांची किती काळजी पोराला," म्हणत ती कूस बदलते.

तुमच्याही घरी असे चिरंजीव असतील तर जेवायला बोलावताना "थांबव तो खेळ" म्हणू नका. मित्रांबरोबरचा खेळ मध्येच थांबवता येत नाही, हे ते खरं सांगतात. एकट्याने खेळताना मात्र येतो. ही माहिती वडिलांना मी पुरवली, तेव्हापासून चिरंजीव मला जिन्यात ओळख देत नाहीत. तेव्हा पानं घ्यायच्या वीस मिनिटं आधी हाक मारा. तेवढ्यात तिथला एक दिवस उरकतो. त्यातून लाव्हात पडून सगळे हिरे जळालेच, तर ते हाक न मारताही जेवायला येतात.