लॉटरीचा आकडा कसा पारखावा

आकडा काढण्याच्या पद्धती जमवायला कष्ट नाहीत. इंदूरच्या रामबागेत आमच्या मामांकडे दहा-बारा आहेत. नातवाची जन्मतारीख, स्कूटरच्या पाटीची बेरीज, खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून परतताना दिसलेल्या पहिल्या रिक्षाचा नंबर. शिवाय ‘थकबाकी’, म्हणजे बरेच दिवस न आलेला आकडा आता येणारच, आणि ‘चालता आकडा’, म्हणजे सारखा येतोय तोच पुन्हा येणार. या दोन पद्धती वहीत समोरासमोरच्या पानांवर सुखाने नांदतात. सोडतीला मागचं काही आठवत नसतं, असं मी एकदा म्हणालो. मामा म्हणाले, “भिया, सर सेठ हुकुमचंदांच्या गावात राहून सट्टा आम्हाला शिकवतोस?” सेठजी कापसात खेळायचे, रिक्षाच्या नंबरात नव्हे, पण मोठ्यांपुढे काय बोलणार.

नियम : आकडा सोडतीआधी लिहावा, शाईने, तारीख घालून. या एका नियमाने निम्म्या पद्धती जागच्या जागी गारद होतात. मामांच्या वहीतले सगळे विजय निकालानंतर, पेन्सिलने नोंदलेले आहेत.

नियम : प्रत्येक पद्धतीची कुस्ती डब्याच्या झाकणातल्या चिठ्ठीशी लावावी. शून्य ते नऊ लिहून शेजारच्या पोराला एक उचलायला सांगावं. शेवटचा आकडा कुठल्याही पद्धतीने सरासरी दहात एकदा जुळतो, पोराच्या हातूनही. शंभर सोडतींत दहाच्या जागी तेरा जुळले तरी पेढे वाटू नयेत. एवढं इकडे-तिकडे पोराचंही होतं. आणि दहा-बारा पद्धती एकदम चालवल्या की बहुतेक सोडतींना एखादी खरी ठरतेच. मामा फक्त तिच्याबद्दल फोन करतात. नुसत्या एका आकड्यावर बक्षीस द्यायला १९९८च्या कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं तर म्हणतात, “सरकार घाबरलं.”

परीक्षेत खऱ्या अर्थाने उतरलेली पद्धत मला एकच माहीत आहे. ३० मार्च २००५ला अमेरिकेत पॉवरबॉलचं दुसरं बक्षीस एकदम ११० जणांना लागलं. अधिकाऱ्यांना लबाडीचा वास आला. निघालं काय, तर चिनी हॉटेलात मिळणाऱ्या बिस्किटातल्या चिठ्ठीवरचे आकडे! बक्षिसाची रक्कम ठरलेली होती म्हणून बरं. पहिलं बक्षीस असतं तर वाटून घ्यावं लागलं असतं. तेव्हा आकडे स्वतः निवडायचे असतील तर ३१च्या वरचेही घ्यावेत, कारण लोक वाढदिवस लावतात. त्याने लॉटरी लागण्याची शक्यता तसूभर वाढत नाही, लागलीच तर वाटेकरी कमी. हे ऐकून मामा आता शेवेच्या पुड्या उलगडून बघतात.

तिकिटाच्या मागे नाव, पत्ता, सही. लगेच.

राहता राहिली खरेदी. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे आणि तिथे नंबर छापलेलाच असतो, त्यामुळे हवा तो शेवट शोधावा लागतो. कोणी? इंदूरहून महाराष्ट्रात जाणाऱ्या भाच्याने. दादरला ऐन गर्दीत, मागची माणसं कोपराने ढोसत असताना, ‘चारवर संपणारं द्या’ म्हणून विक्रेत्याची अख्खी चळत उलटीपालटी करायला लावणं काय असतं, हे मामांना सांगून कळणार नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला जातोय. कालच फोन आला : शेवट तीन, नसला तर आठ, तोही नसला तर तुझ्या मनाला येईल तो. ही पद्धत वहीत माझ्या नावाने नोंदवली आहे म्हणे. शाईने.