गळत्या केसांचा बंदोबस्त

टक्कल पडू लागलेल्या गृहस्थाला सर्वांत आधी जे प्राप्त होतात, ते सल्लागार होत. ज्या आप्तेष्टांनी आपल्या आजारपणाची वा कर्जाची कधी वास्तपुस्त केली नाही, तेही लग्नाच्या पंगतीत आपल्या मस्तकाकडे एक करुण कटाक्ष टाकून माका, जास्वंद, कांद्याचा रस आणि कुठल्याशा वैद्याचे तेल यांची आग्रहाने शिफारस करतात. आणि मौज अशी की, शिफारस करणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर त्या तेलाच्या चकाकीखेरीज बहुधा काहीच उरलेले नसते.

या बाबतीत मनुष्यजातीची उमेद पुरातन काळापासून दांडगी आहे. इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसात सिंह, पाणघोडा, मगर आणि मांजर यांची चरबी टाळूला चोपडावयास सांगितले आहे. आणि हस्तिदंताची मषी रसांजनात कालवून लावल्यास तळहातावरसुद्धा रोम उगवतात, असे आश्वासन आमच्या सुश्रुतसंहितेत आहे. ज्याच्या दातात हे सामर्थ्य, त्या हत्तीच्या पाठीवर केस इतके विरळ का, ही शंका मला कैक वर्षे छळते आहे. परंतु हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद असल्यामुळे प्रयोगाने तिचे निरसन होण्याची आशा नाही.

आणि इतक्या शतकांच्या खटाटोपानंतर ज्या दोन औषधांनी खरोखर काही गुण दिला, ती टकलाचा विचारही ज्यांच्या मनात नव्हता अशांच्या हाती लागली! मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्याच्या गोळ्यांनी रोग्यांचा रक्तदाब उतरला खरा, पण त्यांच्या कपाळांवर, गालांवर आणि हातांवर केस उगवू लागले, तेव्हा त्या दुष्परिणामालाच कामावर रुजू करून घेण्यात आले, आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावण्याचे औषध म्हणून मंजूर झाले. फिनास्टराइडची नेमणूक वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी होती. १९९७ साली त्याचीच एक मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी मंजूर झाली. पुरुषी टकलाचे मूळ आमचे मामा समजतात तसे नळाच्या पाण्यात वा टोपीत नसून, टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या द्रव्यात, आणि त्यापुढे हार खाणाऱ्या आनुवंशिक केशमुळांत असते. ही गोळी त्या द्रव्याची उत्पत्ती कमी करते. काही थोड्या पुरुषांत तिने कामेच्छा मंदावते, त्यामुळे केसांसाठी संसार कितपत गहाण टाकावा, याचा विचार ज्याचा त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

मी पहिल्या औषधावर समाधान मानले. तरुण त्वचारोगतज्ज्ञाने माझे डोके दिव्याखाली धरून न्याहाळले आणि निकाल दिला, "काका, नॉरवूडच्या मोजणीत तुम्ही चौथ्या श्रेणीत आहात." उभी नोकरी द्वितीय श्रेणीचा राजपत्रित अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला त्याच्याच डोक्याने चतुर्थ श्रेणीत नेऊन बसवावे, याविरुद्ध अपील कोठे करावयाचे? त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने एकेक मिलिलिटर औषध कोरड्या टाळूवर सोडावयाचे, आणि एखादा थेंब ओघळून भुवईकडे निघाला तर तेथे भलतीच पैदास होऊ नये म्हणून तो तातडीने टिपावयाचा, असा क्रम सुरू झाला. पहिल्या काही आठवड्यांत केस पूर्वीपेक्षा अधिक गळू लागले. मी कैफियत मांडली, तेव्हा डॉक्टर प्रसन्न होऊन म्हणाले, "म्हणजे औषध लागू पडलं, काका! जुने केस नव्यांना जागा करून देताहेत." आणि हे किती दिवस चालवावयाचे, या प्रश्नावर उत्तर मिळाले, "केस हवे असतील तोवर." औषध थांबले की त्याने राखलेले केसही काही महिन्यांत निघून जातात; अर्थात ही चिकित्सा नव्हे, तहहयात तनखा होय.

उरला मार्ग केशारोपणाचा. मानेकडील केस पुढे आणून लावले तरी ते आपला मूळचा चिवट स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले, आणि आजची सारी शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर चालते. परंतु ही नवी भरती नव्हे, निव्वळ बदली आहे. मंजूर पदांची संख्या तेवढीच राहते, आणि मागचे दप्तर रिकामे झाले की पुढे पाठवावयास कोणी उरत नाही. ज्याने हे करावयाचे ठरवले असेल त्याने दराची घासाघीस करण्याआधी शस्त्र कोणाच्या हाती असणार, याची चौकशी करावी.

आपल्या औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत, कोणत्याही औषधाने जे विकार बरे करण्याचा दावा करू नये, त्यांच्या यादीत टक्कल नावानिशी नोंदलेले आहे. तेव्हा वाचकहो, कोणी रामबाण उपायाची लेखी हमी देऊ लागला, तर पाकीट खिशातच राहू द्या. आणि केस राखावयाचे असतील तर ते डोक्यावर असतानाच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण असलेल्यांना मुदतवाढ देण्याचा अधिकार त्याला आहे, परंतु सेवानिवृत्तांना परत बोलावण्याचा फारसा नाही.