वारुळावरचं स्थळ

उज्जैन हे मान वर करून बघणाऱ्यांचं गाव. पंचांग इथलं, वेधशाळा इथली. सहाव्या शतकातल्या आमच्या वराहमिहिरानं मात्र खालीही पाहिलं. ‘बृहत्संहिते’त भूजल शोधण्यावर त्याचा एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात झाडाजवळचं वारूळ ही पाण्याची खूण पुन्हा पुन्हा येते. आम्ही हल्लीचे उज्जैनकर श्रावणात महाकालाच्या सवारीच्या गर्दीत असतो. वारुळावर उगवलेल्या छत्रीला घरात ‘कुत्र्याची छत्री’ आणि बाजारात ‘कुकुरमुत्ता’ म्हणून निकालात काढतो.

त्या छत्र्यांतलं एक घराणं टर्मिटोमायसिस. हे नाव रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये दिलं. वाळवी जमिनीखाली चघळलेल्या पाल्यालाकडावर बुरशीची शेती करते आणि पाऊस झाला की त्याच शेतातून अळंबी वर येते. म्हणून ती उपटायची नाही, खणायची. देठ मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या शेतापर्यंत गेलेला असतो. तो तुटला की निम्मी ओळख मातीतच राहिली. टोपीच्या मधोमध माती भेदणारं टोक. टोपी रात्रभर कागदावर ठेवली, की सकाळी बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा उमटलेला.

छत्री अनोळखी वाटली, तरी एवढ्यावर नवी प्रजाती जाहीर करायची सोय नाही. कोवळी अळंबी म्हातारपणी ओळखू येत नाही आणि परक्या दोघी जुळ्या दिसतात. मग उज्जैनला शोभेल असंच करतात: स्थळ पसंत पडलं, आता पत्रिका काढा. २०१२ पासून बुरशांची अधिकृत पत्रिका म्हणजे आयटीएस नावाचा डीएनएचा छोटासा तुकडा. तो आधी नोंदलेल्यांशी ताडून पाहायचा. त्यातही काही पत्रिकांवर भलत्याचंच नाव डकवलेलं असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचं दुकान अजून बंद झालेलं नाही. मला याचा आनंदच आहे.

लंडनमध्ये विकत घेतलेल्या वाळक्या चिनी अळंबीच्या एका पुड्याची अशी पत्रिका काढली, तेव्हा आत तीन प्रजाती निघाल्या. शास्त्रात तिघींनाही नाव नव्हतं. ही गोष्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर खवय्यांचं कुठे काही अडलं होतं?

नाव ठेवायचं तर वाळवलेला मूळ नमुना कुणालाही तपासता येईल अशा ठिकाणी ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे, बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचा. वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही अटही २०१२ पासून सुटली. इंग्रजी चालतं, मराठी अजून नाही.

पुढच्या पावसात वारुळावर छत्री दिसलीच, तर फोटो काढा, देठ अख्खा खणा, कागदी पिशवीत घाला आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्रवाल्यांना नेऊन द्या. चाखून ओळखायच्या भानगडीत पडू नका. आणि खणण्याआधी वारुळात कोणी राहत नाही ना, ते बघा. नागोबाचं दर्शन नागपंचमीला आमच्या नागचंद्रेश्वराच्या देवळात घेतलेलं बरं.