स्वखुशीनं नोकरी कशी सोडावी : नवशिक्यांसाठी

अभिनंदन! व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म तुमच्या हातात पडला आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली तेव्हा माणसं गोळा करायची घाई होती. पुढे ती कमी करायच्या योजनाही सेल या सरकारी पोलाद कंपनीनं बऱ्याचदा काढल्या. तुम्ही मात्र यात नवखे. घाबरू नका.

१. आधी खुशी आणा. साहेबांनी कितीही वेळा केबिनमध्ये बोलावलेलं असो, अर्जात ‘स्वेच्छेने’ असंच लिहा, तेही सुवाच्य. आयकर कायदा त्यावरच ५ लाखांपर्यंत माफी देतो. नव्वदच्या दशकापासून आकडा तोच आहे. तेव्हा ५ लाखांत काय काय यायचं, ते सासऱ्यांना विचारा.

२. वय ४० हवं किंवा नोकरी १० वर्षांची. शिवाय तुमची जागा पुन्हा भरायची नाही, असा नियम आहे. तो कसोशीनं पाळला जातो. उद्या तुमच्या मशीनवर ठेकेदाराचा माणूस उभा राहील, पण त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसेल. म्हणजे जागा रिकामीच.

३. ‘यापुढे माझा कोणताही दावा नाही’ ही ओळ न वाचता सही करा. वाचणाऱ्यांचा हात थरथरतो. पगारवाढीचा फरक नंतर मागू, असं मनात असेल तर सोडून द्या. सरकारी खत कंपन्यांच्या लोकांनी व्हीआरएस घेऊन तेच मागितलं होतं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : पैसे घेतलेत, नातं संपलं. आयकर खात्याचं नातं मात्र संपत नाही. ५ लाखांवरची रक्कम ते पगारातच धरतं. २० लाख मिळाले, तर १५ लाख एकाच वर्षाच्या उत्पन्नात. नोकरी गेली आणि स्लॅब वाढला, पेढे वाटा.

४. हा भार मागच्या वर्षांवर पसरून दिलासा देणारं कलमही कायद्यात आहे. त्यासाठी वेगळा फॉर्म भरा. पण ५ लाखांची माफी घेतलीत, की त्याच रकमेवर हा दिलासा नाही. ‘दोन्ही द्या,’ असं सीएला म्हणून बघा. तो हसेल. त्या हसण्याची फी वेगळी.

५. खासगी कारखान्यात असाल आणि योजनाबिजना काही नसेल, नुसता राजीनामा आणि वर थोडी ‘सानुग्रह’ रक्कम, तर ५ लाखांच्या माफीची आशा सोडा. इथे जरा विचार करा. कपातीत काढलेल्या कामगाराला वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं भरपाई मिळते आणि तीही ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. साहेबांचा मान राखून स्वतःहून गेलेल्याला यातलं काही नाही. तेव्हा सही करण्याआधी उभं राहून नम्रपणे म्हणा, ‘सर, मुझे निकाल दीजिए.’

साहेब दुखावतील. म्हणतील, ‘अरे, हमारे यहाँ किसी को निकालते नहीं!’ आणि पेन पुढे करतील.