विझलेल्या लाल दिव्याचे प्रमाणशास्त्र

जुन्या जावाचा चार्जिंगचा लाल दिवा विझला म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, या प्रश्नाची आपल्या विद्वत्परंपरेने केलेली उपेक्षा अक्षम्य आहे. भूतलावर घट नाही हे ज्ञान कशाने होते, यावर नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतके भांडले. त्यांच्यापैकी एकाच्याही अंगणात सहा व्होल्टची मोटारसायकल उभी नव्हती. असती तर घटाचा दृष्टान्त केव्हाच कुंभाराकडे परत गेला असता. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. ग्रंथ उघडण्यापूर्वी हात धुवावेत असा संकेत आहे. या निबंधाच्या वाचकाने तो मिटल्यावर धुवावेत, तेही आधी रॉकेलने आणि मग साबणाने. रॉकेल हल्ली मिळत नाही, तेव्हा ‘डिझेलने’ असा पाठभेद ग्राह्य धरावा.

प्रथम विषयाची मर्यादा. झेक जावाचे भारतीय रूप १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात घडू लागले, पुढे टाकीवरचे नाव येझदी झाले, आणि १९९६ मध्ये कारखाना थंडावला. यातल्या ज्या गाड्यांना सहा व्होल्टचा डायनामो आहे, तेवढ्याच येथे अभिप्रेत आहेत. त्यांचा वेग, त्यांचा निळा धूर, किक आणि गिअर या दोन्ही कामांना जुंपलेली ती एकच दांडी, यांवर भरपूर लिहून झाले आहे, बहुतेक वेळा डोळे पुसत. चार्जिंगवर मात्र कोणी डोळे पुसत नाही. तेथे लोक थेट शिव्याच देतात.

डायनामोचे तत्त्व थोडक्यात असे. क्रँकच्या उजव्या टोकाला आर्मेचर फिरते, त्याच्या भोवती फील्ड कॉइल बसलेल्या असतात. आर्मेचरमध्ये वीज निर्माण व्हायला चुंबकत्व हवे आणि फील्ड कॉइलमध्ये चुंबकत्व यायला वीज हवी. हा उघड उघड अन्योन्याश्रय दोष आहे, आणि कोणत्याही तर्कशास्त्राच्या परीक्षेत एवढ्यावर डायनामो नापास झाला असता. सुटका होते ती लोखंडात मागच्या फेरीचे किंचित चुंबकत्व शिल्लक राहते म्हणून. वेर्नर फॉन सीमेन्सने १८६७ च्या जानेवारीत बर्लिनच्या अकादमीपुढे हेच मांडले. आपल्याकडे त्याला पूर्वसंस्कार म्हणतात आणि त्यासाठी अकादमी भरवावी लागत नाही. गाडी वर्षानुवर्षे जिन्याखाली पडून राहिली की हे संस्कार पुसट होतात. मग वायरमन बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते पुन्हा जागे करतो. हा स्पर्श उलट्या टोकांनी झाला तर डायनामो उलट्या दिशेने वीज देऊ लागतो आणि कटआऊटचे, म्हणजे डायनामो व बॅटरी यांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. दीक्षा कोणाकडून घ्यावी याविषयी शास्त्रे इतकी काटेकोर का, हे यावरून ध्यानात यावे.

आता मूळ प्रमेयाकडे. लाल दिव्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनामोला जोडलेले असते. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, तर बॅटरीकडे सहा व्होल्ट आणि डायनामोकडे शून्य. दिवा पेटतो. इंजिन वेगाने फिरू लागले की डायनामोचे व्होल्ट चढतात, बॅटरीच्या बरोबरीला येतात, दोन्ही टोकांमध्ये फरक उरत नाही आणि दिवा विझतो. येथे मालक सुस्कारा सोडतो व दुसरा गिअर टाकतो. तो सुस्कारा घाईचा आहे. दिव्याला वीज कळत नाही, चार्जिंग कळत नाही. त्याला कळतो तो दोन टोकांमधला फरक, आणि तोही कोणत्या बाजूचा हे कळत नाही. डायनामो कमी पडला तरी तो पेटेल. डायनामो उत्तम चालला आहे, पण कटआऊट चिकटायलाच तयार नाही, त्यामुळे डायनामोकडे साडेसात आणि बॅटरीकडे जेमतेम सहा व्होल्ट आहेत, तरीही तो मंद तांबडा पेटेल. आणि बल्बच उडाला असेल तर तो कधीच पेटणार नाही, व मालक आयुष्यभर सुस्कारे सोडत फिरेल.

म्हणून दिवा विझणे हे चार्जिंगचे प्रमाण मानायचे की नाही, यावर गॅरेजांत तीन पक्ष पडलेले आढळतात. चार्वाकपक्षाचे म्हणणे, दिसते तेवढेच खरे. लाल दिसत नाही ना, मग चला. या पक्षाचे अनुयायी कात्रजच्या घाटात गाडी ढकलताना ओळखू येतात. दुसरा शब्दप्रमाणवाद्यांचा. गाडी रस्त्याकडेला थांबली की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी आप्त पुरुष येऊन उभा राहतो, “आमच्याकडेही होती, विकली,” एवढे सांगतो आणि रेग्युलेटर बदला म्हणतो. शब्द प्रमाण मानायचा तर वक्ता आप्त, म्हणजे यथार्थ जाणणारा हवा, ही अट तो पुरी करतो असे गाडी विकल्यावरून तरी दिसत नाही.

तिसरा पक्ष कुमारिल भट्टांच्या वाटेने जातो, आणि या लेखकाचा कल तिकडे आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण तिला योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. याच न्यायाने विझलेल्या दिव्याला किंमत तेव्हाच, जेव्हा किक मारण्यापूर्वी किल्ली फिरवताच तो डोळ्यांदेखत पेटला होता. एवढे पाहायला निमिषभर लागते. मालकांपैकी बहुतेक तेवढ्या वेळात हेल्मेटचा पट्टा शोधत असतात.

येथे बुलेटपंथीयांचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, कारण न ऐकल्यास ते मोठ्याने बोलतात. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर दिव्याऐवजी अँमीटर असतो. त्याचा काटा डावीकडे गेला तर वीज बॅटरीतून जाते आहे, उजवीकडे गेला तर येते आहे. म्हणजे जावाच्या दिव्याला जी दिशा कळत नाही ती याला कळते. शिवाय या काट्याचा एक सिद्धीसारखा उपयोग आहे. किल्ली चालू करून किक हळूहळू दाबत न्यावी, काटा डावीकडून मध्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन वर आला असे समजावे, डिकॉम्प्रेसर दाबून त्याला जरासा पुढे सरकवावे आणि मग किक मारावी. जुनी बुलेट अशी एका किकमध्ये घेणाऱ्याकडे गल्लीतली मुले वेगळ्या नजरेने पाहतात. हे सगळे मान्य. परंतु बॅटरी पूर्ण भरली की काटा मध्याजवळ येतो, आणि डायनामो देईल तेवढे हेडलाइटच खाऊ लागला तरी काटा मध्यावरच उभा राहतो. पूर्णावस्था आणि कंगाली यांना एकच खूण देणारे यंत्र वेदान्त्यांना चालेल, रात्री घरी जायचे असलेल्या माणसाला नाही.

देखभालीचा भाग खरे तर येथून सुरू होतो, आणि त्यातला निम्मा भाग डायनामोला हात न लावण्याचा आहे. कारण गणिती आहे. डायनामो ४५ वॅटचा, म्हणजे सहा व्होल्टला साडेसात अँपिअर. गंजलेल्या एखाद्या जोडावर अर्धा व्होल्ट सांडला, तर बारा व्होल्टच्या गाडीचे चार टक्के जातात, सहाच्या गाडीचे आठ. गरिबाघरी सांडलेले दूध दुप्पट लागते, तसे. आणि सांडण्याच्या जागा पुष्कळ. हौसेने गाडी नवीन करणारा मालक फ्रेमला पावडर कोटिंग करून आणतो, ते अर्थच्या बोल्टखालीही चढते, रेग्युलेटर बसतो त्या जागीही चढते. गाडी आरशासारखी होते आणि चार्जिंग बंद पडते. मग संवाद होतो तो असा:

“साहेब, डायनामो उघडू नका.”

“अहो पण दिवा विझत नाही ना!”

“ती अर्थची वायर रंगावर बसवलीय. जरा खरवडू द्या.”

“इटालियन शेड आहे हो ती.”

“शेड राहू द्या मग. लाइट नाही राहणार.”

खरवडलेल्या पैशाएवढ्या जागेत लोखंड चमकते, त्यावर दातेरी वायसर आणि वरून ग्रीसचे बोट. साहेब तिकडे पाहत नाहीत.

बॅटरीविषयी थोडक्यात. तीन खण, प्रत्येकी साधारण दोन व्होल्ट. पाणी डिस्टिल्डच, नळाचे नाही. टर्मिनलवर फुललेला हिरवट-पांढरा बुरा गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा आणि वर व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी खणात मात्र जाऊ देऊ नये.

कटआऊटचे पॉइंट साफ करायला शास्त्रात पोस्टकार्ड सांगितले आहे. पोस्टकार्डाचा कागद जाड, खरबरीत, गुळगुळीत लेप नसलेला. त्याची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढली की काजळी उतरते आणि धातू झिजत नाही. हल्ली कोणी कोणाला पोस्टकार्ड टाकत नाही, याचा समाजावर काय परिणाम झाला ते समाजशास्त्रज्ञ सांगोत; कटआऊटवर वाईट झाला. लग्नपत्रिका घेऊ नये, ती चकचकीत असते. या कामाआधी बॅटरीची वायर काढलीच पाहिजे. पॉइंट चुकून चिकटलेले राहिले तर बॅटरी डायनामोलाच मोटर समजून फिरवू पाहते, आणि तो क्रँकला जखडलेला असल्यामुळे फिरते काहीच नाही, फक्त वायरिंगमधून धूर निघतो.

आणि कम्युटेटर. आवरण काढले की आर्मेचरच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचे कडे दिसते, दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची बारीक रेघ. हे कडे निरोगी असेल तर त्यावर चॉकलेटी, किंचित काळसर, एकसारखी झाक असते. बोट फिरवले तर काचेसारखे लागते. कार्बनचे ब्रश आणि तांबे यांनी अनेक महिने एकमेकांना घासून जमवलेली ही झाक असते, आणि तिला हात लावू नये. नवशिका पाहतो, त्याला ते मळकट वाटते, तो पॉलिश पेपर घेतो आणि पितळी भांड्यासारखे लख्ख करून ठेवतो. घरातल्या मोठ्यांनी कौतुकही केलेले असते. त्यानंतर कार्बन नव्या तांब्यावर करकरतात, ठिणग्या पडतात, अभ्रक तांब्यापेक्षा वर राहिले असेल तर कार्बन त्यावरून उड्या मारत जातो. मग हॅक्सॉच्या मोडक्या पात्याने प्रत्येक रेघेतले अभ्रक जरा खाली कोरायचे, पट्टीला ओरखडा न जाऊ देता. हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराशी तेव्हा बोलू नये; तो उत्तर देत नाही, आणि दिले तर चहा मागवावा लागतो.

अलीकडे एक पाखंड बळावले आहे. रेग्युलेटरच्या जुन्या पत्र्याच्या डबीत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवायचे, डबी पुन्हा बंद करायची आणि रॅलीत सगळे मूळचे म्हणून दाखवायचे. सनातनी यावर चिडतात, पण त्यांच्यापैकी किती जणांच्या डब्या आतून रिकाम्या आहेत हे तपासायला कोणी उघडत नाही, म्हणून वाद चालू आहे. या लेखकाला त्यात पडायचे नाही. बॅटरीला व्होल्टमीटर लावावा. वेगात इंजिन फिरताना सातच्या आसपास व्होल्ट आले तर डबीत कोण बसले आहे याची चौकशी करू नये.

न आल्यास बॅटरी दुकानात चार्जिंगला टाकावी आणि पुन्हा अर्थच्या बोल्टपासून सुरुवात करावी. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा. त्या दिवशी अनेक भागांत दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, आणि शहराच्या चार्जिंगला लाल दिवासुद्धा लावलेला नाही.