तुमचा शब्द आणि माझ्या घोडीची पाठ

‘पूर्ण जलरोधक’ अशी चिठ्ठी लावून घोड्यांच्या झुली विकणाऱ्या दुकानदारास,



इंग्रजीत लिहिलेल्या माझ्या तीन पत्रांना तुमच्याकडून साचेबंद उत्तरंच आली. म्हणून हे चौथं पत्र माझ्या भाषेत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही काय विकलंत, ते मात्र मोजूनमापून सांगणार आहे. इथे इंग्लंडात लेकीसाठी पहिलं तट्टू शोधणारी मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत. तुमच्या दुकानाची पायरी चढण्याआधी त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

झूल म्हटलं की आपल्या माणसांना पोळ्याच्या बैलाच्या पाठीवरची गोंड्या-आरशांची झूल आठवते. ती मिरवायची असते आणि संध्याकाळी उतरते. इथली झूल निराळी. तिला टर्नआउट रग म्हणतात. हिवाळ्यात घोडा दिवसरात्र कुरणात सोडलेला असतो आणि ती त्याच्या अंगावर असते. तो तिच्यासकट चिखलात लोळतो, फाटकाला अंग घासतो, सोबतचा घोडा दातांनी ती ओढतो आणि वर पाऊस चालूच असतो. अशी झूल विकणं म्हणजे मुक्या जनावराच्या छपराची जबाबदारी घेणं. तुम्ही पैसे घेतलेत आणि जबाबदारी टाकून दिलीत.

माझ्या घोडीचं नाव कोयना. वेल्श कॉब जातीची, कुमाईत रंगाची, वय 16. यॉर्कशरच्या पश्चिम भागात, पेनाइन डोंगरांच्या उतारावर तिचं कुरण आहे. अटलांटिकवरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि इथेच रिकामे होतात.

घोड्याला थंडी सोसते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवं. अंगावर हिवाळी केस पूर्ण वाढलेले असले, पोटात गवत असलं आणि हवा कोरडी नि निवांत असली, तर तो शून्याखाली दहा अंशांतही स्वस्थ उभा राहतो. गारठा पडला की त्याचे केस ताठ होतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ती हवाच त्याची गोधडी होते. आतड्यात गवत आंबत असतं, त्याची ऊब वेगळी. या सगळ्या बंदोबस्ताला हरवतो तो अंगात मुरणारा पाऊस आणि त्यावर वारा. केस भिजून कातडीला चिकटले की अडकलेली हवा गेली आणि गोधडीही गेली.

हे माहीत असूनही ऑक्टोबरात मी कोयनाचे केस कापले. पाय आणि खोगिराखालचा भाग तेवढा सोडला. ती हिवाळ्यातही काम करते आणि दाट केसांत मुरलेला घाम तासन्‌तास वाळत नाही, म्हणून कापावे लागतात. म्हणजे निसर्गाने दिलेलं पांघरूण मी माझ्या हाताने काढलं आणि त्याच्या जागी तुमचा शब्द तिच्या पाठीवर घातला. माझा सगळा राग या एका गोष्टीचा आहे. झूल चांगली नाही हे आधी कळलं असतं, तर मी दुसरी घेतली असती किंवा केस कापलेच नसते. तुम्ही ‘जलरोधक’ म्हणालात, मी विश्वास ठेवला आणि किंमत तिने मोजली.

नोव्हेंबरातली ती पहाट सांगते. रात्रभर पाऊस झाला होता. सहाच्या सुमाराला मी टॉर्च घेऊन कुरणात गेले. एरवी बादलीचा आवाज ऐकताच ती खिंकाळत येते. त्या दिवशी ती कुंपणाच्या कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती आणि जागची हलली नाही. चांगल्या झुलीवर पाण्याचे मणी दिसतात आणि ओघळून जातात. तुमच्या झुलीचं कापड पाणी पिऊन काळं पडलं होतं. मी हातमोजा काढला आणि मानेच्या मुळाशी झुलीखाली हात सारला. खांद्यावर दमट लागलं. हात कण्याच्या रेषेने पुठ्ठ्याकडे नेला, तशी बोटं गार पाण्यात गेली. अस्तर पिळलं तर धार लागली. झूल उतरवली तेव्हा तिच्या पाठीवर मधोमध एक ओली रेघ होती. तुमच्या झुलीची शिवण नेमकी त्याच रेषेत होती. त्या रेघेपासून दोन्ही कुशींकडे पाणी उतरलं होतं आणि तिची कातडी थरथरत होती.

त्या झुलीत 200 ग्रॅमचा भरावा होता, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला 200 ग्रॅम पोकळ धाग्यांचा पिंजलेला थर. त्या थराची ऊब त्यात अडकलेल्या हवेची असते. पाणी शिरलं की हवा जाते आणि थंड, जड चिंधी उरते. तिच्या वजनाने अंगावर शिल्लक असलेले केसही चेपले जातात. गळकी झूल नसलेल्या झुलीपेक्षा वाईट, ती अशी. उघड्यावरचा घोडा पाऊस थांबल्यावर अंग झाडून वाळतो. कोयनाला ती मुभाही नव्हती.

यावर तुमचं उत्तर काय, तर “नवी झूल दोन-तीनदा भिजून वाळली की शिवणी आपोआप घट्ट होतात.” ही गोष्ट खरी आहे, पण तुमच्या झुलीची नाही. पूर्वी इथे न्यूझीलंड रग नावाची झूल असायची. जाड कॅनव्हास, आत लोकरीचं अस्तर. सुती धागा पाण्याने फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. जिथे सुती दोरा असतो तिथे आजही हा अनुभव येतो. तुमच्याच चिठ्ठीवर कापड पॉलिएस्टरचं आणि दोराही पॉलिएस्टरचा असं छापलं आहे. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. मग तो फुगणार कसा आणि भोकं बुजवणार कोण? आजोबांच्या कॅनव्हासचं पुण्य तुम्ही नातवाच्या प्लॅस्टिकला लावलंत. शिवणीवर आतून पट्टी चिकटवायची किंवा पाठीवर मधोमध शिवणच ठेवायची नाही, हे दोन साधे उपाय आहेत. ते करणारे कारागीर आहेत. तुम्ही दोन्ही वाचवलेत.

दुसऱ्या पत्राला उत्तर देताना तुम्ही “1200 डेनिअरचं कापड आहे” असं ठणकावलंत. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा किती जाड, एवढंच तो आकडा सांगतो. 600 पेक्षा 1200 चं कापड सहसा फाटायला चिवट, 1680 चं आणखी चिवट. त्यातही वीण रिपस्टॉपची असेल, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागे घातलेले असतील, तर एका जागी पडलेलं भोक पसरत नाही. पण पाणी अडवण्याचा या आकड्याशी संबंध नाही. ते काम कापडाच्या आतल्या बाजूला दिलेल्या लेपाचं आणि शिवणींचं. त्याचं माप वेगळं आहे: कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला म्हणजे पाणी आत झिरपतं, ते. हा आकडा मी तुम्हाला तीनदा विचारला आणि तीनही वेळा तुम्ही डेनिअर सांगितलात. छप्पर गळतं का, असं विचारणाऱ्याला भिंतीची जाडी सांगून वाटेला लावण्याचा हा प्रकार आहे.

नुसतं पाणी अडवूनही भागत नाही. लहानपणी मामाबरोबर माथेरानला जायची तेव्हा पावसात घोड्यांच्या पाठीवर बांधलेलं प्लॅस्टिक पाहिलं आहे. त्यातून थेंब आत जायचा नाही. पण चढ चढून आलेल्या घोड्याचा घामही बाहेर पडायचा नाही. मामा आडोशाला आला की पहिल्यांदा ते प्लॅस्टिक ओढून काढायचा आणि गोणपाटाने पाठ पुसायचा. “वरनं भिजला काय नि आतनं भिजला काय, पाठ ओलीच की,” म्हणायचा. चांगल्या टर्नआउट झुलीने नेमकं हे साधायचं असतं: पाऊस अडवायचा आणि घामाची वाफ जाऊ द्यायची. वाफ किती जाते, त्याचंही माप असतं, 24 तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम. तुमच्या चिठ्ठीवर तेही नव्हतं.

आता मापाचं. माझी ही तक्रार तुम्ही “किरकोळ” ठरवलीत. झुलीचं माप घोड्याच्या उंचीवरून ठरत नाही. एकाच उंचीचा कॉब छातीने रुंद असतो आणि थरोब्रेड अरुंद. इंग्लंड-अमेरिकेत छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत कुशीवरून फीत धरतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ मोजतात. कोयनाचं माप 75 इंच भरतं, म्हणजे इथल्या भाषेत 6 फूट 3 इंच. तेच मागवलं आणि तेच चिठ्ठीवर छापलेलं होतं. झूल तबेल्याच्या फरशीवर पसरून मोजली, तर 71 इंच निघाली. 4 इंच कुठे गेले, याला तुमच्याकडे उत्तर नाही.

ते कुठे गेले हे तिच्या खांद्यांवर दिसतं. झुलीची पुढची कड खांद्याच्या उंचवट्याच्या पुढे, मानेवर बसायला हवी. खांद्यापाशी कापडात कळी घातलेली हवी, म्हणजे पाय पुढे टाकताना ओढ बसत नाही. छातीच्या बकलाआड मूठ मावावी, पोटाखालचे पट्टे फुलीसारखे यावेत आणि पट्टा नि पोट यांत तळहात सरकावा. आखूड झूल मात्र मागे सरकते आणि तिचा सगळा भार उंचवट्यावर येतो. गवत चरायला मान खाली घातली की कड खांद्यात रुतते. दिवसातले कितीतरी तास घोडा चरतच असतो, तेव्हा हे घासणं किती वेळा झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. तीन आठवड्यांत तिच्या दोन्ही खांद्यांवर माझ्या तळहाताएवढ्या जागेतले केस गेले. उंचवट्यावर सूज आली.

ओल्या पाठीचं पुढे काय झालं, तेही ऐका. डर्माटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जीवाणू कातडी सतत ओली राहिली की तिच्यात शिरतो. इथे त्या रोगाला रेन स्काल्ड म्हणतात. खोगिराच्या जागी ठेवलेल्या केसांत बारीक खडे हाताला लागायला लागले. खपली उचलली की केसांचा झुबका मुळासकट निघायचा, रंगाच्या ब्रशासारखा, आणि खाली लाल, ओली कातडी. कोयनाने आजवर माझ्या हाताला कधी अंग चोरलं नव्हतं. त्या आठवड्यात खरारा हातात दिसला तरी ती मागे सरायची. पशुवैद्यांनी जंतुनाशकाने धुवून पाठ कोरडी ठेवायला सांगितलं. पाच आठवडे तिच्यावर खोगीर चढलं नाही.

आणि तुम्ही लिहिलंत, “वापरलेली झूल स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतली जात नाही.” पावसात घातल्याशिवाय पावसाची झूल पारखायची कशी, हे जरा सांगा. या देशात 2015 चा ग्राहक हक्क कायदा आहे. माल वर्णनाप्रमाणे आणि ज्या कामासाठी घेतला त्या कामाचा असला पाहिजे, असं तो सांगतो. तसा नसेल तर पहिल्या 30 दिवसांत परत करण्याचा हक्क देतो. माझं पहिलं पत्र 24 व्या दिवशीचं आहे. 2006 चा प्राणी कल्याण कायदाही आहे. त्याप्रमाणे कोयनाची जबाबदारी माझी आणि ती मी नाकारत नाही. पहिल्याच पावसानंतर हात घालून पाहायला हवा होता. त्या रात्रीआधी दोनदा पाऊस झाला होता आणि मी चिठ्ठीवर भिस्त ठेवून वरवर पाहून परतले होते. ती चूक माझी. तुमची चूक तुमच्या पदरात तशीच राहते.

झुलीचे पैसे मला हवेतच आणि ते मी घेईन. पण त्याहून मोठी मागणी पुढची आहे. चिठ्ठीवर पाण्याच्या दाबाचा आकडा छापा, वाफेचा छापा. शिवणींना पट्टी आहे की नाही ते लिहा. झूल स्वतः मोजून माप घाला. लेप कायमचा नसतो, साध्या साबणाने आणि गरम पाण्याने तो जातो आणि काही हंगामांनी पुन्हा द्यावा लागतो, हेही गिऱ्हाइकाला सांगा. आणि हे जमणार नसेल, तर ‘जलरोधक’ हा शब्द तुमच्या दुकानातून खाली उतरवा. माणूस भिजला तर आरडाओरडा करतो, दुकानात येऊन भांडतो. घोडा कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहतो. त्याची तक्रार कुणीतरी झुलीखाली हात घालीपर्यंत कुणाला कळत नाही.

कोयनावर सध्या तिची नऊ वर्षांची जुनी झूल आहे. फाटली होती तिथे ठिगळ लावलं, धुतली, पुन्हा जलरोधक करून आणली. काल रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे बादलीच्या आवाजाला ती फाटकापाशी आली. मी हातमोजा काढला आणि मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यापर्यंत हात फिरवला. बोटं कोरडी आणि ऊबदार परत आली. ती मागे सरली नाही.

तुमची झूल मी टाकलेली नाही. ती मोजायची फीत सोबत ठेवून तबेल्यात टांगली आहे. नवी झूल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी ती दाखवते.

कोयनाची मालकीण